देवाचे दूध आणि वासराचा वाटा : पूजेत व आहारात दुग्धपदार्थ वापरताना

कोल्हापुरात दुधाविषयी प्रश्न विचारणे सोपे नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळली जाते आणि धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला उभ्याउभ्या रिकामा होतो. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ सालापासून गावोगावच्या दूध संस्थांमधून सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करतो. उसाचे पैसे यायला वर्ष-दीड वर्ष लागते, दुधाचे बिल मात्र दर दहा दिवसांनी मिळते, आणि कित्येक घरांत किराणा, मुलांची फी आणि औषधपाणी त्याच पैशातून भागते. अशा ठिकाणी ‘पूजेत दूध वापरावे का?’ असे विचारले, की समोरच्याला तो आपल्या श्रद्धेवर आणि चुलीवर एकाच वेळी घातलेला घाव वाटतो.

तरीही हा प्रश्न विचारायला हवा. ज्या घरांना पूजा सोडायची नाही, पण गोठ्यात वासरांचे काय होते हे समजल्यापासून पंचामृताची वाटी हातात घेताना ज्यांचे मन अडखळते, त्यांच्यासाठी ही मांडणी आहे. माझे मत आधीच सांगतो. दुधावर पहिला हक्क वासराचा आहे. तो हक्क पाळला जातो हे जिथे आपल्याला ठाऊक आहे, तिथले दूध देवाला आणि घराला घ्यावे. जिथे ते कळण्याचा मार्गच नाही, तिथे प्रमाण कमी करावे किंवा दुसरा उपचार योजावा. या दोन्ही गोष्टींना परंपरेत भक्कम आधार आहे.

पहिली पायरी : आठवड्याचा हिशेब

एक आठवडाभर घरात दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, पेढे आणि मिठाई किती येते आणि कुठे जाते, ते वहीत लिहावे. पूजेचा खर्च वेगळा आणि खाण्यापिण्याचा वेगळा मांडावा. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण त्यातून एक गोष्ट हमखास उघड होते : आपण दुधाचा विचार पिशव्यांमध्ये करतो, आणि खरा वापर तुपात दडलेला असतो.

तुपाचे गणित करून पाहावे. म्हशीच्या दुधाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास फॅट धरली, तर एक किलो तुपाला साधारण १५ ते १६ लिटर दूध लागते. गाईच्या दुधाला साडेतीन-पावणेचार टक्के धरली, तर २६ ते २८ लिटर. देवापुढे रोज एक नीरांजन लावताना चहाचा चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम तूप लागत असेल, तर वर्षाला पावणेदोन-दोन किलो तूप जळते. म्हणजे एकट्या नीरांजनासाठी म्हशीचे २८ लिटर किंवा गाईचे ५० लिटर दूध खर्ची पडते. बहुतेक घरांत वर्षभराच्या पंचामृताला इतके दूध लागत नाही. म्हणून बदल करायचाच असेल, तर वाटीभर दुधावर वाद घालण्याआधी तुपाच्या बरणीकडे पाहावे.

दुसरी पायरी : गोठ्यात जाऊन विचारणे

या मार्गदर्शनातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. ती टाळून बाकीचे सगळे केले, तर हाती केवळ अंदाज उरतो.

कोल्हापूरकरांचे भाग्य असे की गोठा लांब नाही. शहराच्या पेठांत आणि उपनगरांत गवळ्यांचे गोठे आहेत. करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यांत तर घराच्या सोप्याला लागूनच दोन-चार जनावरे बांधलेली असतात. धारेच्या वेळी जावे आणि एका कडेला शांतपणे उभे राहावे. चांगल्या गोठ्यात दिसणारा क्रम असा : रेडकू सोडले जाते, ते आईच्या कासेला ढुशी देते, म्हैस पान्हा सोडते, मग रेडकाला बाजूला बांधून धार काढली जाते आणि शेवटी त्याला पुन्हा सोडतात. प्रश्न या ‘पुन्हा’चा आहे. कासेत त्याच्यासाठी काही राखले आहे, की कोरड्या सडांना तोंड लावून ते माघारी फिरते आहे, हे त्याच्या बरगड्यांवरून आणि केसांच्या तकाकीवरून नवख्या माणसालाही ओळखता येते.

विचारताना चौकशी अधिकाऱ्याचा आव आणू नये. ‘मामा, रेडकाला किती सोडता?’ एवढे विचारले तरी पुरते. ‘तीन सडं काढतो, एक त्याला’ असे उत्तर आले, तर बोलणे पुढे नेता येते. नुकत्याच जन्मलेल्या वासराला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके दूध लागते. ३० किलोच्या रेडकाला सुमारे तीन लिटर. पहिल्या दिवसाचा चीक तर त्याला मिळालाच पाहिजे, कारण गाई-म्हशींच्या पिलांना रोगप्रतिकारक द्रव्ये आईच्या पोटात असताना मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर साधारण दिवसभरातच संपते. खरवसाची आवड असणाऱ्यांनी निदान हे लक्षात ठेवून मागणी करावी. माझे मत विचाराल, तर पहिल्या दोन दिवसांचा चीक मागूच नये.

यानंतरचे प्रश्न अधिक अवघड आहेत, पण तेच खरे प्रश्न आहेत.

नर वासराचे काय होते? ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचे काम घटले आणि रेड्याला तर तेवढेही काम उरले नाही. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली आणि २०१५ पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हैस आणि रेडा त्या बंदीत येत नाहीत. भारत म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे, आणि ती निर्यात दुधाच्या धंद्यातून बाहेर पडणाऱ्या जनावरांवरच उभी आहे. ज्या कोल्हापुरात म्हशीच्या दुधाला पहिली पसंती आहे, तिथे हे डोळ्यांआड करता येत नाही. गाईच्या बाबतीत कायद्याचे संरक्षण असले, तरी ज्याला पोसणे परवडत नाही तो मालक खोंड किंवा भाकड गाय रस्त्यावर सोडून देतो, आणि ती उकिरड्यावरचे प्लास्टिक खात फिरते.

रेडकू मेले तर म्हैस कशी पान्हवते? काही ठिकाणी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे ठेवतात. काही ठिकाणी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. दुधासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक द्रव्य टोचणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाखाली गुन्हा आहे. अशा दुधाचा देव्हाऱ्याशी संबंध येता कामा नये, यावर मतभेद होण्याचे कारण मला दिसत नाही.

भाकड जनावर किती दिवस सांभाळता? या प्रश्नाला गवळी सहसा गप्प बसतो, आणि तो वाईट माणूस आहे म्हणून गप्प बसत नाही. पेंड, भुसा आणि वैरण यांचा खर्च आटलेल्या जनावरालाही तोच असतो आणि आपण देत असलेल्या दुधाच्या दरात तो धरलेलाच नसतो. म्हणून जो दूधवाला रेडकू जगवतो आणि भाकड म्हैस पुढच्या वेतापर्यंत सांभाळतो, त्याला लिटरमागे चार पैसे जास्त देण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. गावच्या दूध संस्थेत ओळख असेल, तर मादी वासरेच अधिक प्रमाणात जन्मावीत अशा निवडक वीर्यमात्रा कृत्रिम रेतनासाठी मिळतात का, हेही विचारावे. त्यांच्या वापराने दहापैकी सुमारे नऊ वासरे मादी होतात. त्यामुळे नर वासरांचा प्रश्न बराच हलका होतो, भाकड जनावरांचा मात्र तसाच राहतो.

पिशवीचे दूध घेणाऱ्यांना हे प्रश्न विचारायला जागा नाही, कारण शेकडो गोठ्यांचे दूध एकाच टाकीत मिसळलेले असते. घरचे सगळे दूध बदलणे जमत नसेल, तर निदान पूजेचे पाव लिटर दूध ओळखीच्या गोठ्यातून आणावे. तुपाच्या डब्यावरच्या ‘ए-टू’, ‘देशी’, ‘बिलोना’ या शब्दांवरून वासराला किती दूध मिळाले, हे कळत नाही.

तिसरी पायरी : शास्त्र नेमके काय मागते, ते पाहणे

‘पूर्वापार चालत आले आहे’ या वाक्यापाशी पुष्कळ चर्चा थांबतात. पूर्वापार काय चालत आले आहे, ते नीट पाहिले तर परंपरा आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी काटेकोर दिसते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील आठव्या श्लोकात वर्ज्य दुधांची यादी आहे. व्यायल्यानंतर दहा दिवस न झालेल्या गाईचे दूध तीत आहे, तसेच ‘विवत्सा’, म्हणजे जिच्याजवळ वासरू नाही अशा गाईचे दूधही आहे. हा नियम आजच्या बाजाराला लावला, तर देवाला वाहिले जाणारे किती दूध त्यात बसेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. (त्या ग्रंथातील इतर अनेक गोष्टी आपण नाकारतो आणि नाकारल्याच पाहिजेत, पण दुधाच्या बाबतीत त्याचा दाखला देणाऱ्याने हा श्लोकही वाचावा.)

दुग्धपदार्थ काही काळ सोडणे हेही आपल्याकडे नवीन नाही. चातुर्मासाच्या व्रतांत श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये वर्ज्य करण्याचा प्रघात आहे. वसुबारसेला व्रत करणाऱ्या बायका दूध, दही, तूप घेत नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपवास सोडतात. ऋषिपंचमीला तर बैलाच्या कष्टाचे काहीच खायचे नसते, म्हणून त्या दिवशी परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी होते. जनावराच्या श्रमाची दखल घेऊन वर्षातून एक दिवस ताट बदलणारे हे व्रत आपल्या आज्या निमूटपणे पाळत आल्या. ज्यांना दुधाविषयीचे प्रश्न पाश्चात्त्य फॅड वाटते, त्यांनी आपल्या घरातले हे व्रत आठवावे.

उपचाराच्या जागी दुसरा उपचार योजण्याची सोय तर पूजाविधीतच आहे. वस्त्र नसेल तर ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणून अक्षता वाहतात, अलंकार नसतील तरी तसेच करतात. सत्यनारायणाच्या कथेत प्रसादासाठी गव्हाचे पीठ सांगितले आहे आणि ते नसेल तर तांदळाचे पीठ, साखर नसेल तर गूळ, असे तिथेच म्हटले आहे. बळीऐवजी कोहळा फोडण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे, आणि तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू मान्य केला. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ आणि पाणी मागतात. त्या ओळीत दूध नाही.

चौथी पायरी : एकेका उपचाराचा निर्णय

दिव्यापासून सुरुवात करावी. तुपाचे नीरांजन आणि तिळाच्या तेलाची समई, दोन्हींना मान आहे. नवरात्रातला नंदादीप कितीतरी घरांत तेलावरच तेवतो. रोजचा दिवा तेलाचा करावा आणि तुपाची फुलवात आरतीपुरती किंवा सणापुरती ठेवावी. एवढ्या एका बदलाने वर्षाचे २५ ते ४५ लिटर दूध वाचते. ‘पूजेसाठीचे तूप’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या डब्यांपासून मात्र सावध राहावे. ‘खाण्यासाठी नाही’ असे ज्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते, ते देवापुढे तूप म्हणून लावण्यापेक्षा चांगले तेल लावणे प्रामाणिकपणाचे आहे.

पंचामृताच्या बाबतीत लोक फार अडून बसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दूध, दही, तूप, मध आणि साखर ही पाच द्रव्ये आहेत आणि ती किती घ्यावीत यावर कोणतीही सक्ती नाही. घरच्या मूर्तीला प्रत्येकी एक पळी पुरते. ओळखीच्या गोठ्याचे दूध मिळत असेल, तर पळीभर दूध, त्याचेच विरजलेले पळीभर दही आणि थेंबभर तूप घ्यावे, आणि ते सगळे तीर्थ म्हणून घरच्यांनी प्यावे. पातेलेभर पंचामृत करून उरलेले तुळशीत किंवा मोरीत ओतू नये. ज्यांना दूध पूर्णपणे टाळायचे आहे, त्यांनी नारळाचे पाणी, उसाचा रस आणि शुद्धोदक, म्हणजे शुद्ध पाणी, यांनी स्नान घालावे. रुद्राभिषेकासाठी उसाचा रस ही पूर्वीपासून मान्य असलेली धार आहे, आणि कोल्हापुरात चांगला ऊस आणि चांगला गूळ मिळत नाही, असे कोणी म्हणणार नाही. नारळाचे दूध वापरून ‘पंचामृत’ हेच नाव कायम ठेवावे का, यावर मतभेद आहेत. मला तसे करण्यापेक्षा दुग्धस्नानाच्या जागी सरळ अक्षता वाहणे अधिक सचोटीचे वाटते. मधाबाबतही मोहोळ जाळून, पिळून काढलेला मध टाळावा आणि पेटीतला घ्यावा.

नैवेद्याला अडचण फारशी नाही. गूळ-खोबरे, पंचखाद्य, फळे, तिळगूळ, नारळाच्या रसातली खीर, यांत काहीच कमी नाही. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला खोबरे, गुलाल आणि दवणा वाहतात, आषाढात टेंबलाईला पंचगंगेचे नवे पाणी वाहतात; या दोन्ही ठिकाणी भक्ती दुधावाचून अडलेली नाही. नृसिंहवाडीहून पेढे-बासुंदी आणायचीच असेल, तर जाणाऱ्या प्रत्येकाने किलोभर न आणता घरासाठी पावशेर आणावी.

होम हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. तिथे आज्याहुती, म्हणजे तुपाची आहुती, हीच मुख्य असते आणि पर्यायाचा प्रश्न यजमानाने एकट्याने सोडवू नये. गुरुजींशी आधी बोलून आहुतींची संख्या आवाक्यात ठेवावी, समिधा, तीळ आणि भात यांच्या आहुती वाढवाव्यात, आणि लागणारे तूप माहितीच्या गोठ्याचे आणावे.

पाचवी पायरी : मंदिरातला अभिषेक

श्रावणी सोमवारी पिंडीवर पिशव्यांमागून पिशव्या फोडल्या जातात आणि ते दूध गटारातून शेवटी पंचगंगेला मिळते. दूध कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. या बाबतीत ते घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट घातक आहे. ज्या नदीच्या प्रदूषणावर शहर इतकी वर्षे आंदोलने करत आहे, तिच्यातच आपण देवाच्या नावाने हे सोडावे, हे मला पटत नाही.

मूर्तीच्या दृष्टीनेही संयम हवा. अंबाबाईच्या मूर्तीची झीज हा शहराच्या जिव्हाळ्याचा विषय राहिला आहे. २०१५ मध्ये तिचे रासायनिक संवर्धन झाले, आणि अभिषेक उत्सवमूर्तीवर करण्याची पद्धत भाविकांनी स्वीकारली. एवढ्या मोठ्या देवस्थानात जे मान्य झाले, ते गल्लीतल्या मंदिरात मान्य व्हायला हरकत नसावी. मंडळाच्या बैठकीत मांडण्याजोगा प्रस्ताव साधा आहे : सर्वांच्या वतीने एकच पळीभर दुग्धस्नान, बाकी जलधारा, आणि भाविकांनी आणलेले दूध न फोडता गोळा करून त्याच दिवशी उकळून जवळच्या वसतिगृहाला किंवा रुग्णांच्या नातेवाइकांना देणे. दूध नासण्याआधी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे आदल्या दिवशी ठरवावे. बहुतेक ठिकाणी योजना तिथेच फसते.

सहावी पायरी : ताट

आहारात घाई करू नये. लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि म्हातारी माणसे यांचे दूध कोणाच्या तत्त्वासाठी बंद करू नये. वर्षाच्या आतील बाळाला तर सोया किंवा बदामाचे दूध हा पर्याय नव्हेच. शाकाहारी माणसाला ब-१२ हे जीवनसत्त्व प्रामुख्याने दुधातूनच मिळते, आणि वनस्पतिजन्य आहारात ते भरवशाने मिळत नाही. म्हणून दूध पूर्ण सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. कॅल्शियमसाठी नाचणी आहे, जिच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तीळ आणि राजगिरा आहेत. प्रथिनांसाठी डाळी, शेंगदाणे आणि सोयाबीन आहेत.

कमी करताना आधी चैनीचे पदार्थ कमी करावेत. प्रत्येक भाजीत पनीर, प्रत्येक वाढदिवसाला क्रीमचा केक आणि प्रत्येक पाहुण्यामागे पेढ्यांचा पुडा हे अलीकडचे आहे. उपवासाची खिचडी शेंगदाणा तेलात होते, वरईबरोबर दाण्याची आमटी चालते. ‘मटण खाणाऱ्या गावात दुधाचे काय घेऊन बसलात?’ असे कोणी विचारले, तर त्यावर भांडू नये. एक हिंसा होते म्हणून दुसरीकडे पाहू नये, असे होत नाही.

सातवी पायरी : घरातली माणसे

सासूबाईंच्या देव्हाऱ्यात सुनेने किंवा मुलाने परस्पर बदल करू नये. आधी आपल्या ताटातला भाग बदलावा, मग एका व्रताच्या दिवशी घरच्यांना गोठ्यावर सोबत न्यावे. वसुबारसेची पद्धत, ऋषिपंचमीची भाजी, आजी काय करत असे, हे त्यांनाच विचारावे. पुष्कळदा ज्येष्ठांच्या आठवणीत आपल्यापेक्षा जास्त नियम असतात. गुरुजींना पूजेच्या दिवशी ऐनवेळी अडवू नये. साहित्याची यादी घेतानाच ‘दुग्धस्नानाच्या जागी काय चालेल?’ असे विचारले, तर बहुतेक गुरुजी मार्ग सुचवतात.

आठवी पायरी : वाचलेल्या पैशाचा विनियोग

तूप आणि मिठाईतून वाचलेली रक्कम वेगळी काढून ती भाकड जनावरांकडे वळवावी. पांजरपोळ किंवा गोशाळेला देणगी देण्याआधी प्रत्यक्ष जाऊन पाहावे : गव्हाणीत वैरण आहे का, पाय रोवायला कोरडी जागा आहे का, पशुवैद्यक किती दिवसांनी येतो. ओळखीच्या गवळ्याच्या एका भाकड म्हशीचा वैरणखर्च चार घरांनी मिळून उचलणे हा त्याहून सोपा मार्ग आहे.

याची सुरुवात येत्या वसुबारसेला करता येईल. त्या संध्याकाळची धार वासराला सोडावी म्हणून गोठेवाल्याला त्या वेळच्या दुधाचे पैसे आधीच द्यावेत. मात्र लहान वासराला एकदम सगळे पाजू नये, त्याला हगवण लागते. धार थोडी थोडी करून सोडायला सांगावी. पूजेला जाताना पुरणपोळी, शिजवलेला भात किंवा गव्हाचे पीठ गाईला घालू नये. एकाच संध्याकाळी दहा घरांचे असे नैवेद्य पोटात गेले, तर आम्लता होऊन गाय फुगते आणि दगावूही शकते. हळदकुंकू, फुले आणि एक पेंढी हिरवी वैरण न्यावी. उसाचे वाडे असेल तर कुट्टी करून द्यावे.